जुने गेमिंग कन्सोल कंपन्या बंद का करतात, आणि तुमच्या पीएस-३ चं काय करायचं

शहाद्याच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. २०१२ साली घेतलेला पीएस-३ स्लिम, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन-३ चं पातळ मॉडेल, घरी आहे. डीव्हीडीवरचे पिक्चर अजून चालतात, पण गेमची डिस्क टाकली की नुसती घरघर होते आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. जळगावला एका दुकानात दाखवला, तर 'मॉडेल कंपनीनेच बंद केलंय, पार्ट येत नाहीत' म्हणून परत पाठवलं. त्यावर त्यांचा सवाल असा: चांगलं चालणारं मशीन कंपनी बंदच का करते? डिझाइनचा खर्च कधीच निघाला. तेच जुनं मॉडेल पाच हजारांत विकलं तर नंदुरबार-धुळ्याच्या गावोगाव खपेल.

भाऊ, गावोगाव खपेल हे तुमचं बरोबर आहे. पण 'बंद केलं' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. कारखान्यात नवं मशीन बनणं थांबतं ती एक. ऑनलाइन दुकान आणि सर्व्हर बंद होतात ती दुसरी. कंपनीकडची अधिकृत दुरुस्ती थांबते ती तिसरी. या तिन्हींच्या तारखांत वर्षावर्षांचं अंतर असतं. निन्टेंडो कंपनीचा वी-यू हा कन्सोल घ्या. त्याचं उत्पादन जानेवारी २०१७ मध्ये थांबलं, ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, ऑनलाइन खेळणं एप्रिल २०२४ मध्ये, आणि जपानमधली दुरुस्ती जुलै २०२४ मध्ये, तीही सुटे भाग संपले म्हणून. सोनीने पीएस-३ चं जपानमधलं उत्पादन २०१७ मध्ये थांबवलं. त्याचा अर्थ तुमचा पीएस-३ दुरुस्त होत नाही असा अजिबात नाही. तुमच्या मशीनकडे शेवटी येतो, आधी मूळ प्रश्न.

पहिलं कारण पैशाचं. कन्सोल कंपनी मशीनवर फारसं कमवत नाही, सुरुवातीला तर तोटाच सोसते. पीएस-३ २००६ मध्ये अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला, आणि तो बनवायला कंपनीला त्याहून जास्त पडत होता. ही भरपाई होते गेमवर. दुसऱ्या कंपनीने बनवलेला गेम विकला गेला तरी त्यातला वाटा कन्सोलवाल्याला मिळतो. त्यामुळे कंपनी हिशोब 'एक मशीन विकलं' असा धरत नाही, 'एक गिऱ्हाईक जोडलं, ते पुढे किती गेम घेईल' असा धरते. जुन्या मशीनला नवे गेम येईनासे झाले की हा हिशोब कोसळतो. सोनीच्या आधीच्या पीएस-२ वर फुटबॉलच्या फिफा मालिकेतला शेवटचा गेम फिफा १४ होता, आणि पीएस-३ व मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वर फिफा १९. त्यानंतर ही मशीनं घेणारा माणूस बहुतेक जुन्या बाजारातल्या डिस्क घेतो. जुन्या डिस्कच्या व्यवहारात कंपनीला एक पैसा मिळत नाही. कॉपी केलेल्या डिस्कचं तर बोलायलाच नको, आणि आपल्याकडे पीएस-२ बहुतांशी त्यावरच चालला. म्हणजे तुमच्या पाच हजारांच्या मशीनवर कंपनीला पाच हजारांतूनच कमवावं लागेल, पुढची आवक शून्य. त्यात दुकानदाराचा नफा, जीएसटी, वाहतूक आणि वॉरंटी आली.

तरीही माझ्या मते खरं कारण पैशाच्या एक पायरी खाली आहे, सुट्या भागांत. ज्या भागाला त्या मशीनशिवाय जगात दुसरं गिऱ्हाईक नसतं, तो भाग आधी जातो, आणि तो गेला की सगळं मशीन जातं.

पीएस-२ मध्ये ३२ एमबी रॅम्बस मेमरी होती, आरडीरॅम. २००० साली वाटत होतं की सगळे कॉम्प्युटर याच मेमरीवर जातील. तसं झालं नाही. कॉम्प्युटरवाले डीडीआर या दुसऱ्या प्रकारच्या मेमरीकडे वळले आणि आरडीरॅमचं मोठं गिऱ्हाईक पीएस-२ एवढंच उरलं. पीएस-३ मध्ये पुढची आवृत्ती आली, २५६ एमबी एक्सडीआर. तिलाही पीएस-३ सोडून मोठा खरेदीदार जवळपास नव्हताच. आता मेमरी बनवणाऱ्या कारखान्याच्या जागी स्वतःला ठेवा. मोबाईलच्या मेमरीला रांग लागली आहे, आणि एकच गिऱ्हाईक दरवर्षी कमी-कमी माल मागतंय. तो कारखाना 'शेवटची ऑर्डर द्या, अमुक तारखेनंतर माल मिळणार नाही' असं पत्र देऊन मोकळा होतो. कन्सोल कंपनी मग विक्रीसाठी आणि दुरुस्तीसाठी किती लागतील याचा अंदाज बांधून एकदाच साठा उचलते. तो संपला की काम संपलं.

आपल्याकडचं जिनिंग बघा. हंगामात कपाशीच्या गाड्यांची रांग असते तेव्हा रात्रंदिवस चालतं. मार्चनंतर आवक तुटक होते. गावात घराघरात थोडा कापूस तेव्हाही असतोच, भाव वाढेल म्हणून ठेवलेला. तरी जिनिंग बंद होतं, कारण दहा क्विंटलसाठी मजूर बसवणं, विजेचा स्थिर आकार भरणं आणि पूर्ण यंत्रणा फिरवणं परवडत नाही. चिपच्या कारखान्याचंही तेच. चिप एकेक बनत नाही, सिलिकॉनच्या गोल चकतीवर शेकड्याने बनते आणि चकत्याही लॉटने चालतात. 'वर्षाला थोड्या बनवून द्या' ही मागणी त्या यंत्रणेत बसतच नाही.

मग काही कन्सोल तेरा वर्षं कसे टिकतात आणि काही चार वर्षांत कसे संपतात? इथे चिपची मालकी कोणाची, हा प्रश्न येतो. पीएस-२ च्या मुख्य चिप सोनीच्या हातात होत्या. सुरुवातीला प्रोसेसर आणि ग्राफिक्स या दोन मोठ्या वेगळ्या चिप होत्या. पुढे ९० नॅनोमीटरवर, म्हणजे चिपवरची नक्षी आणखी बारीक करून, दोन्ही एकाच चिपमध्ये आल्या. चिप लहान झाली की एका चकतीवर जास्त निघतात, उष्णता कमी होते, हीटसिंक आणि पॉवर सप्लाय छोटा चालतो, खोका हलका होतो आणि जहाजभाडंही वाचतं. म्हणून मशीनची किंमत उतरवता आली. मार्च २००० मध्ये जपानमध्ये आलेला पीएस-२ २०१३ च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिला आणि १५ कोटींवर खपला. आपल्यासारखे बाजार त्याच्या उतारवयातले मोठे आधार होते. 'हनुमान: बॉय वॉरियर' हा भारतात बनलेला पीएस-२ चा गेम २००९ साली आला, म्हणजे पीएस-३ बाजारात येऊन दोन वर्षं उलटल्यावर.

याउलट मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स, २००१ चा. त्यात इंटेलचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, दोन्ही विकत घेतलेल्या. त्या लहान करायच्या का, कुठे बनवायच्या, कितीला द्यायच्या, हे मायक्रोसॉफ्टच्या हातात नव्हतं. एनव्हिडियाशी किमतीवरून लवादापर्यंत वाद गेला. २००५ मध्ये ती ग्राफिक्स चिप बनणं थांबलं आणि त्याच वर्षी एक्सबॉक्स ३६० आला. पुढच्या वेळी मायक्रोसॉफ्टने चिपच्या डिझाइनचे हक्क स्वतःकडे ठेवले. ३६० चं उत्पादन २०१६ पर्यंत चाललं, त्यामागे हा बदल मोठा आहे.

सेगाच्या ड्रीमकास्टची गोष्ट याहून सरळ. मशीन उत्तम होतं, पण कंपनीकडे तोटा सोसायला पैसा उरला नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये आलेला ड्रीमकास्ट बंद करण्याची घोषणा जानेवारी २००१ मध्येच झाली.

कायद्याचा भार लहान दिसतो, पण जुन्या मशीनला तोही जड जातो. जुलै २००६ पासून युरोपात नव्या इलेक्ट्रॉनिक मालात शिशाचं सोल्डर बंद झालं. डिसेंबर २०२४ पासून तिथे हातात धरायच्या गेमिंग मशीनलाही यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं झालं. आपल्याकडे २०१२ च्या आदेशाने व्हिडिओ गेम बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीच्या यादीत आले, आणि ही नोंदणी कारखान्यागणिक घ्यावी लागते. नियम बदलला की डिझाइन, चाचणी, कागदपत्रं, सगळं पुन्हा. ज्या मशीनची विक्री उतरतीला लागली आहे त्यावर हा खर्च कोणी करत नाही.

तुमच्या मनात पुढचा प्रश्न येईल: मग सारंगखेड्यासारख्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानात टीव्ही गेम अजून कसा मिळतो? तो १९८३ च्या निन्टेंडो फॅमिकॉमचा नकली अवतार आहे. मूळ फॅमिकॉम २००३ मध्ये बंद झाला, आणि सुटे भाग नाहीत म्हणून त्याची जपानमधली दुरुस्ती २००७ मध्ये थांबली. यात्रेतला टीव्ही गेम उघडून बघा. आत तळहाताएवढा बोर्ड आणि त्यावर काळ्या डांबरासारखा एक ठिपका. जुन्या फॅमिकॉमचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स, दोन्ही त्या ठिपक्याखालच्या एका स्वस्त चिपमध्ये कोंबलेले असतात. गेमचे पैसे कोणाला द्यायचे नाहीत, वॉरंटी नाही, सर्व्हर नाही. आजच्या कारखान्यात सहज बनेल इतकं ते डिझाइन साधं आहे, म्हणून टिकलं. रीतसर टिकलेलं उदाहरण ब्राझीलचं. तिथे आयात कर भारी असल्यामुळे टेकटॉय ही स्थानिक कंपनी सेगाच्या परवान्याने जुनी मशीनं देशातच बनवत राहिली. म्हणजे परिस्थिती अनुकूल असली तर जुनं मशीन दशकानुदशकं चालवता येतं. पण पीएस-३ चं तसं होणार नाही. त्याचा सेल प्रोसेसर, एक मुख्य कोर आणि सात मदतनीस कोर, हा प्रकार सामान्य कॉम्प्युटरपासून इतका वेगळा आहे की त्याची स्वस्त नक्कल निघालेली नाही. पीएस-५ वर पीएस-४ च्या डिस्क चालतात, पीएस-३ च्या चालत नाहीत, तेही यामुळेच.

म्हणूनच तुमच्याकडचं मशीन टाकून देऊ नका. त्या डिस्क खेळायला तेच लागणार आहे.

आता तुमचा बिघाड. डीव्हीडी चालते आणि गेम चालत नाही, यातच अर्धं निदान झालं. पीएस-३ चे गेम ब्लू-रे डिस्कवर असतात, आणि त्या वाचायला निळा लेझर लागतो. डीव्हीडीला लाल लेझर. निळा आधी थकतो. आधी गेमच्या दोन-तीन वेगळ्या डिस्क टाकून बघा. एखादीच चालत नसेल तर दोष डिस्कचा. सगळ्याच नाकारल्या तर भिंग साफ करून बघा: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीला जेमतेम ओल, आणि भिंगावर दाब न देता मधून बाहेर एक फेरा. रुमाल, तोंडाची वाफ, सेंट, यातलं काही नको. सफाईनंतरही फरक नसेल तर लेझर बदलायचा.

लेझर मिळतो. दुकानदार मॉडेल ऐकून 'नाही' म्हणतो, कारण तो कंपनीचा पार्ट शोधतो. लेझर मात्र स्वतःच्या नंबरावर शोधायचा. सुरुवातीच्या स्लिममध्ये केईएस-४५०ए असतो, नंतरच्या स्लिममध्ये ४५०डी किंवा ४६०ए, आणि सुपर स्लिममध्ये ८५०. २०१२ च्या मशीनमध्ये नंतरचा असण्याची शक्यता जास्त, पण अंदाजाने मागवू नका. मशीन उघडून लेझरच्या अंगावर छापलेला नंबर वाचा आणि तोच मागवा. सुटा लेझर घेण्यापेक्षा पट्टी, मोटर आणि लेझर असा अख्खा डेक घ्या. सुटा बसवताना उंची किंचित चुकली तरी डिस्क घासते किंवा वाचत नाही. काही नव्या लेझरवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक बारीक ठिपका जोडलेला येतो. बसवल्यावर तो काढायचा राहिला, तर नवा लेझरही मेल्यासारखाच वागतो आणि गिऱ्हाईकाला वाटतं माल खोटा निघाला.

उघडायला टी-८ सिक्युरिटी टॉर्क्स पाना लागतो, मधे भोक असलेला. साध्या पान्याने जोर लावला तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि पुढचा तास ते काढण्यात जातो. पट्टीची वायर ओढू नका, आधी सॉकेटची काळी पापणी नखाने वर उचला. आणि एक लक्षात ठेवा: ज्या मॉडेलात डिस्क ड्राइव्हचा वेगळा छोटा बोर्ड असतो, तो मुख्य बोर्डाशी जोडी बांधलेला असतो. दुसऱ्या पीएस-३ चा अख्खा ड्राइव्ह आणून बसवला तर गेम चालत नाहीत. बोर्ड स्वतःचा ठेवून फक्त डेक बदलायचा. पार्ट चांगला असूनही काम फसतं ते बहुतेक इथेच.

उघडलंच आहे तर पंख्याच्या पात्यांमधली धूळ ब्रशने काढा. पंखा बोटाने धरून ठेवा, हवा मारताना भन्नाट फिरू देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतं, भुसावळ-जळगावला बाहेर ४५ च्या घरात. मशीन टीव्हीच्या कपाटात बंदिस्त ठेवलं तर पंख्याला थंड हवा मिळणारच कुठून? चारी बाजूंना वीतभर जागा सोडा आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी खेळणं टाळा.

यापुढे काय-काय बिघडू शकतं ते वर सांगितलेल्या नियमानेच ओळखा. ज्या भागाला जगात दुसरी गिऱ्हाइकं आहेत त्याची काळजी नको. हार्ड डिस्क लॅपटॉपचीच आहे, अडीच इंची साटा, ९.५ मिलिमीटर जाडीची. एसएसडीही चालते. बदलण्याआधी सेव्ह केलेले गेम पेनड्राइव्हवर उतरवा. मग दुसरा पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करून त्यात PS3 नावाचा फोल्डर, त्याच्या आत UPDATE नावाचा फोल्डर आणि त्यात सोनीची सिस्टम फाइल टाका. दोन्ही नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लागतात, नाहीतर मशीन फाइल ओळखत नाही. घड्याळाची बॅटरी सीआर-२०३२ आहे, मात्र वायर आणि प्लग लावलेली घ्या. ती संपली की मशीन तारीख विसरतं, आणि ऑनलाइन विकत घेतलेले गेम त्यावर अडू शकतात. डिस्कवाले अडत नाहीत.

लोडशेडिंगमध्ये मशीन चालू असताना वीज गेली तर पुढच्या वेळी ते फाइल सिस्टम तपासतं, ते पूर्ण होऊ द्या. सारखं अडकत असेल तर मशीन बंद असताना पॉवरचं बटण दाबून धरा. थोड्या वेळाने ते चालू होऊन परत बंद पडेल. बोट उचला आणि पुन्हा दाबून धरा. एक आवाज येईल, मग दुसरा, आणि नंतर दोन आवाज लागोपाठ आले की सोडा. रिकव्हरी मेनू येतो. तिथे आधी तिसरा पर्याय, फाइल सिस्टम दुरुस्तीचा, मग चौथा, डेटाबेस पुन्हा बांधण्याचा. पाचवा दाबू नका, त्याने सगळं पुसलं जातं.

ज्या भागाला दुसरं गिऱ्हाईक नाही, म्हणजे सेल, आरएसएक्स ग्राफिक्स चिप आणि एक्सडीआर मेमरी, तो गेला तर खर्च करू नका. पिवळा दिवा क्षणभर लागून तीन बीप आणि लाल दिव्याची उघडझाप, ही त्याची खूण. कोणी 'हीट मारून चालू करून देतो' म्हणेल. चालू होईलही, आठ दिवस किंवा दोन महिने. बिघाड बहुतेकदा चिपच्या आतल्या बारीक जोडांत असतो, आणि बाहेरून दिलेली उष्णता तो तात्पुरता जोडते. हे दुखणं मुख्यतः २००६ ते २००८ च्या जाड मॉडेलचं. त्यातल्या सुरुवातीच्या मशीनमध्ये सेल आणि आरएसएक्स दोन्ही ९० नॅनोमीटरचे होते, आणि खेळताना मशीन २०० वॅटच्या आसपास वीज ओढायचं. तुमच्या स्लिममध्ये सेल ४५ चा आणि आरएसएक्स ४० चा आहे, वीज निम्म्याहून कमी. म्हणून लेझरवर पैसे घालायला हरकत नाही, असं मी म्हणतो. तुमच्याकडे जाड मॉडेल असतं तर हाच सल्ला दिला नसता.

ऑनलाइन दुकानाचं मात्र गृहीत धरू नका. पीएस-३ चं दुकान बंद करण्याची घोषणा सोनीने २०२१ मध्ये केली होती, लोकांच्या विरोधामुळे ती मागे घेतली. त्याच वर्षी थेट मशीनवरून कार्डाने पैसे भरणं बंद झालं. एक्सबॉक्स ३६० चं दुकान जुलै २०२४ मध्ये गेलंच. विकत घेतलेले गेम आजच उतरवून हार्ड डिस्कवर ठेवा.

मशीनच्या मागच्या स्टिकरवर सीईसीएच पासून सुरू होणारा नंबर आहे. तो आणि लेझरवरचा नंबर, दोन्हींचे फोटो इथे टाका. डेक कुठला मागवायचा ते त्यावरून नक्की सांगता येईल.